बुचावरचे वर्तुळ

इंजेक्शनच्या बाटलीवरचे ॲल्युमिनियमचे सील बोटांनी फिरवून पाहिले आणि ते फिरले नाही, म्हणजे बाटली पक्की बंद झाली, असे मी नोकरीची पहिली सहा वर्षे मानत होते. माझ्या वरिष्ठांनी मला तसे शिकवले होते आणि मीही माझ्या हाताखालच्या मुलामुलींना तेच शिकवले. २०१७ सालच्या पावसाळ्यात आलेल्या एका तक्रारीने हा समज मोडला. त्या तक्रारीच्या तपासात मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत होते आणि व्हायल, म्हणजे रबरी बुचाची ही इंजेक्शनची बाटली, बंद होते म्हणजे नेमके काय होते, हे मला त्या दोन-अडीच महिन्यांत कळले, म्हणून तो सगळा प्रवास येथे लिहून ठेवत आहे.

औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन मी २०११ मध्ये वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील इंजेक्शनच्या एका कारखान्यात उत्पादन विभागात रुजू झाले. पहिले वर्ष अँप्युलच्या, म्हणजे नुसत्या काचेच्या बंद कुपीच्या, लाइनवर गेले. तिथे बाटली बंद करण्याची क्रिया डोळ्यांना दिसते. काचेची मान ज्योतीसमोर गरगर फिरत लाल होते, मऊ पडते, चिमटा तिचे टोक ओढून घेतो आणि काच स्वतःतच मिटते. मध्ये रबर नाही, धातू नाही, दोन वस्तूंचा सांधा नाही. तरीही ज्योत किंचित कमी-जास्त झाली तर टोकाशी केसाएवढे छिद्र राहते, म्हणून वितळवून बंद केलेल्या छोट्या पात्रांची एकूण एक तपासणी करावी, नमुन्यांवर भागवू नये, अशी युरोपीय नियमांची अपेक्षा आहे आणि मला ती योग्य वाटते.

व्हायलचे तसे नसते. तिच्या तोंडाशी तीन वस्तू एकत्र येतात आणि त्या तीन वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या असतात. बाटली बोरोसिलिकेट काचेची, बूच ब्रोमोब्यूटिल रबराचे आणि वरचे सील ॲल्युमिनियमचे, ज्याच्या माथ्यावर अंगठ्याने उडवायची प्लास्टिकची चकती असते. आमची व्हायल २० मिलिमीटरची म्हणून ओळखली जाते. हे माप तिच्या तोंडाच्या काठाच्या बाहेरील व्यासाचे आहे. आतील भोक १२.६ मिलिमीटरचे असते आणि बुचाचा आत जाणारा भाग त्याहून जरासा मोठा ठेवलेला असतो, म्हणजे तो काचेला चिकटून दाटून बसतो. काच धुऊन, तीनशे अंशांच्या आसपास तापलेल्या बोगद्यातून निघून निर्जंतुक क्षेत्रात येते. बुचे धुऊन, त्यांना सिलिकॉनचा पातळ हात देऊन ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढतात. हा सिलिकॉन नसेल तर बुचे एकमेकांना चिकटून मशीनच्या वाटेत अडकतात आणि जास्त झाला तर बसवलेले बूच आपसूक वर सरकते. आमच्याकडे या वर आलेल्या बुचाला सगळे ‘पॉप-अप’ म्हणतात.

तक्रार ज्या औषधाची होती ते लायो, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवलेले होते. लायोच्या बुचाला खाली पाय असतात आणि त्यांच्यामध्ये फट असते. भरलेल्या बाटलीवर ते आधी अर्धेच बसवतात, त्यामुळे गोठलेल्या द्रावणातील पाण्याची वाफ त्या फटीतून निघून जाते. वाळण्याचे चक्र संपले की आत थोडा नायट्रोजन सोडतात, पण दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमीच ठेवतात. मग यंत्रातील फळ्या खाली येऊन हजारो बुचे एका दमात दाबून पूर्ण बसवतात. त्यानंतर बाटल्या कॅपिंग मशीनकडे, म्हणजे वरचे सील बसवणाऱ्या यंत्राकडे, जातात. तिथे ॲल्युमिनियमचा बराच बारीक चुरा उडतो, म्हणून हे काम भरण्याच्या जागेपासून वेगळ्या कक्षात, गाळलेल्या हवेच्या झोताखाली चालते.

कोकणातील एका रुग्णालयाच्या औषध भांडारातून पत्र आले. दहा बाटल्यांच्या खोक्यातील दोन बाटल्यांत औषधाची पांढरी वडी आक्रसून एका बाजूला चिकटली होती आणि पिवळसर दिसत होती. पत्राच्या शेवटी एक वाक्य होते आणि तपासाचा सगळा धागा त्या वाक्यात होता. परिचारिकेने लिहिले होते की पाण्याची सुई टोचली की ही बाटली एरवी पाणी आपणहून ओढून घेते, या दोन बाटल्यांनी ओढले नाही. तिने ते बारकाईने पाहिले आणि लिहून कळवले, याबद्दल माझ्या मनात तिच्याविषयी आजही कृतज्ञता आहे. बाटलीने पाणी ओढले नाही याचा अर्थ आतला कमी दाब संपला होता, म्हणजे बाहेरची हवा कुठून तरी आत शिरली होती आणि पावसाळ्यातील कोकणची हवा आत शिरली की वडीचे काय होणार हे उघड होते.

पहिल्या बैठकीत मात्र या वाक्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. वाळवण्याचे चक्र कमी पडले असावे, रुग्णालयात साठवण नीट नसावी, अशीच चर्चा झाली. गुणवत्ता विभागाच्या मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला : ‘‘चक्र कमी पडले असते तर ओल एकाच खोक्यातल्या दोनच बाटल्यांत कशी सापडेल?’’ आम्ही त्याच बॅचचे राखून ठेवलेले नमुने काढून त्यांतील ओलाव्याचे प्रमाण कार्ल फिशर पद्धतीने मोजले. बहुतेक सगळे नमुने कोरडे ठणठणीत निघाले आणि एक मात्र स्पष्टपणे ओला. मी ती ओली निघालेली बाटली तपासणीआधी स्वतः हातात धरून सील फिरवून पाहिली होती. ते तसूभरही हलले नव्हते.

आमची लाइनवरची तपासणी अशी होती की दर अर्ध्या तासाने मशीनच्या तोंडाशी आलेल्या काही बाटल्या उचलायच्या, अंगठा आणि दोन बोटांत सील धरून फिरवून पाहायचे आणि नोंदवहीत ‘घट्ट’ असे लिहून सही करायची. त्या बॅचच्या प्रत्येक पानावर ‘घट्ट’ लिहिलेले होते आणि काही पानांवर सही माझी होती.

राखीव नमुन्यांतून बाटल्या घेऊन निळ्या रंगाची चाचणी केली. मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बाटल्या उलट्या बुडवून त्या भांड्यातील हवा ओढून घेतात, ठरलेला वेळ तसेच ठेवतात आणि मग हवा परत सोडतात. सांधा गळका असेल तर हवा परत येताना रंग आत खेचला जातो. बाहेरून बाटल्या धुऊन, पुसून आम्ही पांढऱ्या प्रकाशापुढे एकेक धरली. एकीच्या वडीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा निळा डाग होता. दुसऱ्या एका बाटलीबद्दल तीन जणांची तीन मते पडली. मला आत अंधूक निळसर छटा दिसत होती, दुसऱ्याला काहीच दिसत नव्हते, तिसऱ्याला तो काचेवर राहिलेला रंग वाटत होता. अमेरिकन औषधकोशाच्या १२०७ क्रमांकाच्या प्रकरणात २०१६ मध्ये सुधारणा झाली आणि तपासणाऱ्याच्या नजरेवर व संभाव्यतेवर अवलंबून असणाऱ्या चाचण्या एकीकडे आणि यंत्राने मोजून आकडा देणाऱ्या चाचण्या दुसरीकडे असा भेद तिथे केला गेला. मी ते प्रकरण वाचले होते, पण त्या दुपारी खिडकीशी उभे राहून तिघांनी एकाच बाटलीवरून वाद घातला तेव्हा ते मला खऱ्या अर्थाने समजले.

उरलेले नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथे बाटलीच्या रिकाम्या भागातून लेसरचा किरण पार करतात. ऑक्सिजन ७६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, त्यामुळे किती प्रकाश शोषला गेला यावरून आत किती ऑक्सिजन आहे ते बाटली न फोडता कळते. नायट्रोजन भरलेल्या बाटलीत ऑक्सिजन नसल्यात जमा असला पाहिजे. अहवाल आला तेव्हा बहुतेक बाटल्या चांगल्या होत्या, पण काहींत आतली हवा बाहेरच्या हवेसारखीच झालेली होती आणि दोन-तीन बाटल्या मधल्या अवस्थेत होत्या. या मधल्या बाटल्यांनी माझी झोप उडवली. त्या संथ गळत होत्या. आज त्या चाचणीत उत्तीर्ण झाल्या असत्या आणि सहा महिन्यांनी कुणाच्या तरी शिरेत ते औषध गेले असते.

लेसरची तपासणी बाटली फोडत नाही, त्यामुळे गळक्या बाटल्या आमच्याकडे जशाच्या तशा परत आल्या. आमचे फिटरकाका तेव्हा निवृत्तीला आले होते आणि कॅपिंग मशीनच्या आठ हेडांपैकी, म्हणजे बाटलीवर सील बसवणाऱ्या आठ तोंडांपैकी, एकेकाचा आवाज त्यांना ओळखीचा होता. मी बाटल्या घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी भिंग डोळ्याला लावले, एक बाटली उलटी धरली आणि सीलची कड जिथे काचेच्या काठाखाली मुडपली जाते तो भाग फिरवत फिरवत पाहिला. मग दुसरी, मग तिसरी. ‘‘ताई, हा सगळा पाचव्या हेडचा माल आहे,’’ ते म्हणाले. मुडपलेल्या कडेवर नखाने ओरखडावे तशी एक बारीक रेघ होती. पाचव्या हेडच्या, सीलची कड मुडपणाऱ्या रोलरला एक टवका गेलेला होता, तो औषधाच्या दृष्टीने निरुपद्रवी म्हणून आम्ही चालवून घेतला होता आणि त्याचीच खूण प्रत्येक बाटलीवर उमटत होती. चांगल्या निघालेल्या बाटल्यांत ती रेघ असलेल्याही काही होत्या, पण गळक्यांपैकी रेघ नसलेली एकही नव्हती.

काकांनी पक्कडीने एका चांगल्या आणि एका गळक्या बाटलीचे सील कापून काढले, बुचे उपसली आणि उलटी करून पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवली. बुचाच्या कडेचा जो चपटा भाग काचेच्या काठावर टेकतो, त्यावर काचेचा ठसा उमटतो. चांगल्या बुचावर हे वर्तुळ पूर्ण होते, सगळीकडे सारख्या रुंदीचे, जणू ओल्या पेल्याचा टेबलावर उठलेला वण. गळक्या बुचावर ते एका बाजूला ठळक होते, मग बारीक होत गेले होते आणि साधारण पाव भागात जवळजवळ दिसतच नव्हते. मी बोट फिरवून पाहिले तर चांगल्या बुचाच्या वर्तुळात खोलगटपणा जाणवत होता आणि दुसऱ्याचा तो पाव भाग सपाट लागत होता. बाटली बंद होते ती इथे, रबर आणि काच यांच्यामध्ये. ॲल्युमिनियम फक्त रबराला दाबून धरून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मशीन हाताने, एकेक पायरीने चालवून पाहिले. हेड खाली येते, मधला दट्ट्या सीलच्या माथ्यावर टेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने बुचाला दाबतो. रबर दाबलेले असतानाच रोलर बाजूने फिरत येऊन सीलची कड काचेच्या काठाखाली मुडपतात. मग हेड वर जाते आणि दाबलेले रबर वर येऊ पाहते, पण मुडपलेली कड त्याला येऊ देत नाही. पाचव्या हेडची स्प्रिंग थकली होती. दट्ट्या टेकत होता, पण पुरेसे दाबत नव्हता. रोलर मात्र आपले काम चोख करत होते, किंबहुना जास्तच करत होते, त्यामुळे सीलची कड काचेच्या मानेत रुतून बसत होती आणि बोटांनी फिरवली तर हलत नव्हती. उलट नीट दाबल्या गेलेल्या काही बाटल्यांची सिले बुचाच्या माथ्यावरील सिलिकॉनमुळे बोटांत किंचित फिरत होती आणि अशा बाटल्या आम्ही बाजूला काढत आलो होतो. म्हणजे आमची बोटे चांगल्या बाटल्या नाकारत होती आणि वाईट बाटल्यांवर घट्टपणाचा शिक्का मारत होती.

तरीही पाचव्या हेडच्या सगळ्याच बाटल्या गळक्या का नव्हत्या, हा प्रश्न उरत होता. त्याचे उत्तर मापांत सापडले. त्या महिन्यात बुचांचा नवा लॉट वापरात आला होता. त्याच्या कडेची जाडी मर्यादेच्या आतच होती, पण खालच्या टोकाकडे झुकलेली. काचेच्या काठाची जाडीही अशीच मर्यादेत राहून कमी-जास्त होत होती. पातळ काठ, पातळ बूच आणि दुबळी स्प्रिंग ही तिन्ही एकाच बाटलीत आली की रबरावर दाब उरत नव्हता. काचवाल्याचे प्रमाणपत्र बरोबर होते, रबरवाल्याचेही बरोबर होते, मशीनची उंचीही शेवटच्या नोंदीप्रमाणे अचूक लावलेली होती. प्रत्येक जण आपापल्या कागदावर निर्दोष होता, पण ही तीन मापे एकत्र मांडून कोणी बेरीज केलेली नव्हती. ती बेरीज करणे आमचे काम होते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

शिवाय रबराचा स्वभाव असा की दाबून धरले की ते हळूहळू त्या दाबाला सरावते आणि त्याचा उलटा जोर कमी होत जातो. ही घट सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत सर्वांत जास्त असते, पुढे ती मंदावते. म्हणून बाटली मशीनमधून बाहेर पडताच केलेली निळ्या रंगाची चाचणी उत्तीर्ण होऊ शकते आणि तीच बाटली काही आठवड्यांनी गळू शकते. अतिथंडीचे प्रकरण याहून वेगळे. कोविडच्या काळात लशी फार कमी तापमानाला ठेवण्याची चर्चा सगळीकडे चालली होती, तेव्हा मी ब्यूटिल रबराच्या वर्तनावर मिळेल ते वाचत होते. उणे ६० ते ७० अंशांच्या आसपास हे रबर लवचीकपणा गमावून काचेसारखे ताठ होते आणि तापमान परत वाढेपर्यंत सांधा तात्पुरता उघडा राहू शकतो. पाचव्या हेडची गोष्ट अनुभवली असल्याने मला त्यातले प्रत्येक वाक्य डोळ्यांसमोर दिसत होते.

सील कापल्यावाचून रबरावरचा उरलेला दाब मोजण्याचे उपकरण असते. बंद व्हायलच्या माथ्यावर ते हळूहळू वाढता जोर देते. आतले रबर मुळात जितक्या जोराने वर ढकलत असते तितका जोर बाहेरून पडेपर्यंत ते दबत नाही; तो ओलांडला की दबू लागते आणि आलेखाच्या रेषेला बाक येतो. तो बाक जिथे येतो तो आकडा म्हणजे उरलेला दाब. आम्ही औषधाविना, रिकाम्या बाटल्या आठही हेडांवरून चालवल्या, प्रत्येक हेडच्या वेगळ्या ट्रेमध्ये गोळा केल्या, एक दिवस थांबून मगच मोजल्या. सात हेडांचे आकडे एकमेकांच्या जवळपास होते. पाचव्याचे त्यांच्या निम्म्याहूनही कमी होते आणि आपसांतही विखुरलेले होते.

ती बॅच आणि तोच बुचांचा लॉट वापरलेल्या आणखी काही बॅचेस बाजारातून परत मागवल्या गेल्या. हा निर्णय सोपा नव्हता. बैठकीत नुकसानीचे आकडे मांडले गेले, परत मागवण्याऐवजी नुसती सूचना काढावी असेही सुचवले गेले. मॅडमनी लेसरच्या अहवालातील मधल्या अवस्थेच्या बाटल्यांच्या ओळींवर बोट ठेवले आणि त्या नेमक्या कोणत्या गावात आहेत हे कोणी सांगू शकेल का, असे विचारले. त्यानंतर चर्चा संपली.

आठही हेडांच्या स्प्रिंगा बदलल्या आणि त्यांना वापराच्या तासांची मर्यादा ठरवली. टवका गेलेला रोलरही बदलला, जरी काका म्हणाले की त्याने आपल्याला वाचवले. बोटांनी सील फिरवण्याची तपासणी आम्ही ‘सील आहे की नाही आणि कड नीट मुडपली आहे की नाही’ एवढ्यापुरती ठेवली. सांध्याबद्दल ती काही सांगते असे आता कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. बूच वर सरकलेली बाटली कॅपिंगला पोचण्याआधीच बाजूला काढणारा सेन्सर आमच्याकडे आधीपासून होता, पण त्याची मर्यादा सैल होती, ती आवळली. युरोपीय नियमावलीचे निर्जंतुक औषधांविषयीचे पहिले परिशिष्ट २०२२ मध्ये नव्याने आले आणि ऑगस्ट २०२३ पासून लागू झाले. त्यात बूच नसलेल्या किंवा सरकलेल्या बाटल्या कॅपिंगपूर्वी काढून टाकण्याचे कलम वाचताना मला आमची ती जुनी सैल मर्यादा आठवली.

नव्याने रुजू होणाऱ्यांना शिकवण्याचे काम आता माझ्याकडे आहे आणि त्यांना मी पंजाबातील मुल्कोवाल गावाची हकिकत नेहमी सांगते. १९०२ साली तिथे मुंबईहून गेलेली प्लेगची लस टोचल्यानंतर १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ती सगळी एकाच बाटलीतून, ५३एन क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आणि लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्यावर गेला. गावात बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब पुढे आली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. आजचे रबरी बूच काढावे लागत नाही, सुई आरपार जाते आणि बाहेर निघाली की रबर पुन्हा मिटते. पण वरची प्लास्टिकची चकती उडवल्यावर उघडा पडणारा रबराचा गोल निर्जंतुक आहे असे कोणीही गृहीत धरू नये. तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, वाळू देऊन मगच सुई टोचावी. ही गोष्ट घरी इंजेक्शन देणाऱ्या, घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत असते.

काका २०१८ मध्ये निवृत्त झाले. बॅच सुरू करण्याआधी आठही हेडांवरची पहिली बाटली एक ते आठ क्रमांक घातलेल्या ट्रेमध्ये ठेवायची, सिले कापायची, बुचे उलटी करून पांढऱ्या कागदावर ओळीने मांडायची आणि भिंगातून त्यांवरची वर्तुळे पाहायची, हा क्रम त्यांनीच घालून दिला. तो आमच्या कार्यपद्धतीत लेखी आहे. सकाळच्या पाळीला हे काम मी स्वतः करते. पाचव्या क्रमांकाचे बूच उचलताना अजूनही हात थोडा थांबतो, मग मी ते फिरवून वर्तुळ पूर्ण मिळते का ते पाहते, आठव्या बुचापर्यंत जाते, वहीत सही करते आणि मशीन चालू करायला सांगते.